वळीवड्याचे पाहुणे

सप्टेंबर २०१९ मधली गोष्ट. पंचगंगेचा महापूर ओसरून महिनाही झाला नव्हता. राजाराम बंधाऱ्यापाशी धोक्याची पातळी ४३ फूट. त्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांवर गेले होते. नदीकाठचा ऊस आठ-आठ दिवस पाण्याखाली होता. शेंडा बुडाला की ऊस संपला, हे आपणा शेतकऱ्यांना सांगायला नको. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांच्याबरोबर मी चिखल तुडवत पंचनामे करत हिंडत होतो. कुजलेल्या उसाचा वास कपड्यांना इतका बसला होता की घरी गेल्यावर सौ. आधी न्हाणीघराकडे बोट दाखवी.

अशाच एका दिवशी करवीर तालुक्यातल्या वळीवडे गावाकडे जाताना रस्त्यावर गर्दी दिसली. गाड्यांतून परदेशी माणसे उतरत होती. तरुण थोडी, म्हातारी जास्त. एक आजीबाई तर ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. काठी टेकत त्या रस्त्याच्या कडेला थांबल्या, नदीच्या अंगाला तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या आणि मग रुमालाने डोळे पुसू लागल्या. माझ्या मनात आले, पुरात यांचे काय गेले असेल? त्या कशाला रडतात?

गावच्या एका शेतकऱ्याला विचारले. तो म्हणाला, "सायेब, ती पोलंडची मान्सं. ल्हानपनी हितंच ऱ्हायाला व्हती. आता त्यांच्या आठवनीचा खांब हुबा केलाय, त्येच्यासाठी आल्यात."

मला शरम वाटली. या जिल्ह्यात नोकरीची इतकी वर्षे काढली. कुणाच्या विहिरीला किती परस पाणी आहे, कुणाच्या रानात हुमणी लागते, हे तोंडपाठ. पण याच शिवारात एकेकाळी परदेशी माणसांचे पाच हजारांचे गाव वसले होते, हे मला नीटसे ठाऊक नव्हते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानातला पोलिश लोकांचा स्मृतिस्तंभ मी कितीदा पाहिला होता. त्याच्या सावलीत बसून भेळही खाल्ली होती. पण थांबून चौकशी अशी कधी केली नव्हती.

त्या दिवसापासून मला तो नादच लागला. सुट्टीच्या दिवशी वाचनालयात बसायचे, पोलिश मंडळींनी लिहून ठेवलेल्या आठवणी इंग्रजीतून अडखळत वाचायच्या, आणि कामानिमित्त शिवारात गेलो की म्हाताऱ्या माणसांना बोलते करायचे. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो. कारण ही गोष्ट दूरदेशीची असली तरी मुळात ती शेतकऱ्यांची गोष्ट आहे.

१ सप्टेंबर १९३९ ला जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर हल्ला केला आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य आत शिरले. दोघांनी मिळून तो देश वाटून घेतला. पोलंडच्या पूर्व भागात तेव्हा शेतीवर जगणारी खेडी होती. राय नावाचे धान्य तिथे फार पिके. हे गव्हाच्या भाऊबंदांतले पण हलक्या जमिनीत आणि कडाक्याच्या थंडीत तग धरणारे. त्याशिवाय बटाटा, कोबी, आणि जवस. आपण जवस तेलासाठी लावतो, ते लोक सुतासाठीही लावत. १९२० च्या लढाईनंतर अनेक सैनिकांना तिथे जमिनी मिळाल्या होत्या. आपल्याकडे माजी सैनिकांना जमीन मिळते तसेच समजा. त्यांनी पडीक राने मोडून काढली, विहिरी खणल्या, घरे बांधली.

१० फेब्रुवारी १९४० च्या रात्री सोव्हिएत सैनिकांनी या घरांची दारे ठोठावली. या पहिल्या खेपेत सुमारे १ लाख ४० हजार माणसे उचलली गेली. त्यांत बहुतेक हे जमीन मिळालेले सैनिक, जंगलखात्यातले कामगार आणि त्यांचे कुटुंबीय होते. आवराआवरीला कुणाला अर्धा तास मिळाला, कुणाला थोडा अधिक. बाहेर पाणी गोठवणारी थंडी. पोरेबाळे, अंथरुणे आणि हाताला लागेल ते पीठमीठ घेऊन माणसे बर्फगाड्यांवर बसली. पुढे गुरे वाहण्याच्या रेल्वे डब्यांत कोंडून त्यांना आठवडेच्या आठवडे उत्तरेकडे आणि सैबेरियाकडे नेण्यात आले. त्या रात्रीच्या आठवणी लिहिताना अनेकांनी एक गोष्ट आवर्जून लिहिली आहे. मागे गोठ्यात जनावरे राहिली. धार काढायला कुणी नव्हते. त्यांचे हंबरणे लांबपर्यंत ऐकू येत होते.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले. महिन्यापूर्वीच पुराच्या पाण्यात दावणीची जनावरे सोडून निघालेली माणसे मी पाहिली होती. पण पुराचे पाणी ओसरते आणि माणूस परत येतो. या माणसांना परतीची वाटच राहिली नाही.

एप्रिल आणि जून १९४० मध्ये आणखी खेपा गेल्या. कुणाला जंगलात लाकूडतोडीला लावले, कुणाला कझाकस्तानातल्या सामुदायिक शेतांवर. जेवढे काम तेवढी भाकरी. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले आधी गेली. त्याच १९४० च्या वसंतात कातीन आणि इतर ठिकाणी सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालून मारण्यात आले. त्यांत सैन्याचे अधिकारी होते, पोलीस होते. त्यांच्या बायका तिकडे बर्फात पत्राची वाट पाहत होत्या. ही हत्या आपल्या लोकांनी केली, हे सोव्हिएत सरकारने कबूल केले ते १९९० साली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला आणि फासे पालटले. रशियाला मित्र हवे झाले. कैदेतल्या पोलिश लोकांची सुटका होऊन जनरल आंदर्स यांच्या हाताखाली पोलिश सैन्य उभे राहू लागले. ही बातमी कळताच सुटलेली कुटुंबे उपाशीतापाशी दक्षिणेकडे निघाली. वाटेत टायफसने आणि हगवणीने फार माणसे मेली. १९४२ मध्ये सैनिक आणि कुटुंबे मिळून लाखावर माणसे सोव्हिएत देशाबाहेर पडली. बहुतेक कास्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरली. तिथे त्यांचे उवांनी भरलेले कपडे जाळले, डोकी भादरली, अंगभर धुऊन काढले. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुले आणि म्हातारे यांना कुठे ठेवायचे हा प्रश्न उभा राहिला.

त्या प्रश्नाचे एक उत्तर हिंदुस्थानात मिळाले. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे पोरक्या पोलिश मुलांना आसरा दिला. आणि कोल्हापूर संस्थानाच्या हद्दीत, वळीवड्याजवळ, पंचगंगेच्या खोऱ्यात, १९४३ साली मोठी छावणी उभी राहिली. हवा सोसवेल अशी, पाणी मुबलक आणि रेल्वे जवळ. कराचीहून मुंबईमार्गे, मिरजेवरून आगगाडीने ही मंडळी आली. खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा. पुढे बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हा तिथली उरलेली मुलेही वळीवड्याला आली.

वळीवड्यात कौलारू बराकींच्या रांगा होत्या. एकेका कुटुंबाला राहायला आणि रांधायला जागा. महिन्याला भत्ता मिळे, त्यात बाजार करायचा आणि घरी शिजवायचे. शाळा होत्या, दवाखाना होता, पोरक्या मुलांसाठी अनाथाश्रम होता, मुलामुलींची बालवीर पथके होती. आणि मध्यभागी नव्हे पण सगळ्यांच्या मनाच्या मध्यावर होते ते त्यांचे प्रार्थनामंदिर.

मी कट्टर धार्मिक माणूस नाही. पण या प्रार्थनामंदिराचा विचार करू लागलो तसे एक ध्यानात आले. शेत गेले, घर गेले, नवरा कुठे आहे याचा पत्ता नाही, बोलायला आजूबाजूला आपली भाषा नाही. अशा माणसांना "आपले गाव" म्हणायला एकच जागा उरते, ती म्हणजे देवापुढची. पुष्कळांनी त्या रात्रीच्या घाईतही भिंतीवरची मेरीमातेची तसबीर काढून गाठोड्यात घातली होती. आपल्या आयाबाया देवघरातले टाक पदरात बांधून निघतात, तसेच. त्या तसबिरींनी रशिया पाहिला, इराण पाहिले आणि वळीवडेही पाहिले.

त्यांच्या रीती वाचल्या की आपल्याच वाटतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आकाशात पहिली चांदणी दिसली की जेवायला बसायचे. मेजावरच्या पांढऱ्या कापडाखाली थोडे वाळलेले गवत पसरायचे, कारण येशूचा जन्म गोठ्यातला आणि त्याचे पहिले अंथरूण गव्हाणीतल्या वैरणीचे. पातळ पापडीसारखा पवित्र तुकडा घरातल्या प्रत्येकाने दुसऱ्याच्या हातातून मोडून घ्यायचा आणि एकमेकांना बरे चिंतायचे. आणि एक ताट रिकामे मांडायचे. अवचित दारी आलेल्या पाहुण्यासाठी. पण ज्यांच्या घरातले माणूस युद्धावर होते किंवा बेपत्ता होते, त्यांनी ते ताट कुणाच्या नावाने मांडले असेल, हे सांगायची गरज नाही.

दुसरी रीत १५ ऑगस्टची. त्या दिवशी मेरीमातेचा सण. पोलिश खेड्यांत शेतकरी बायका त्या दिवशी धान्याच्या लोंब्या, औषधी पाला आणि फुले यांची जुडी घेऊन प्रार्थनेला जातात आणि तिच्यावर आशीर्वाद घेतात. आपल्याकडे नव्याच्या पुनवेला नवे भात देवापुढे जाते, त्यातलाच भाव. वळीवड्यातल्या या बायांकडे शेत नव्हते. लोंबी आणायची कुठून? आणि १९४७ साली त्यांच्या सणाच्या त्याच तारखेला आपला देश स्वतंत्र झाला. ज्यांचे स्वातंत्र्य गेले होते त्यांनी आपले स्वातंत्र्य आलेले पाहिले.

आता आबांविषयी सांगतो. आबा म्हणजे त्या शिवारातले एक वयोवृद्ध शेतकरी, आज नव्वदीला आलेले. माझी त्यांची ओळख त्याच पंचनाम्यात झाली. त्यांचा दोन एकर ऊस गेला होता, पण त्याबद्दल एक शब्द न बोलता त्यांनी मला चहा पाजला. पुढे मी मुद्दाम त्यांच्याकडे जाऊ लागलो. छावणी आली तेव्हा ते सात-आठ वर्षांचे. वडिलांबरोबर दुधाची किटली घेऊन तिकडे जात.

"आबा, काय काय आठवतं?" मी विचारले.

"गानं आठवतंय," ते म्हणाले. "रैवारचं समदी बायापोरं देवळात जमायची. ती त्यांचं देऊळच म्हना की. आन गानं म्हनायची. आमास्नी एक सबूद कळायचा न्हाई. पर माजी आज्जी म्हनायची, आरं, ही बी आपल्यागत देवाला हाकच मारत्यात."

मग ते थोडे थांबले आणि म्हणाले, "आन ती मातीवाली बाई आठवती."

"मातीवाली?"

"एक बाई व्हती. उच्ची, हाडापेरानं भक्कम. आमचं दूद घ्यायची. एक डाव आमच्या मळ्याच्या बांधाला येऊन हुबी ऱ्हायली. मिरगाचा पाऊस पडून दोन रोज झालं व्हतं. बा कुळव जुपायच्या तयारीत. तिनं खाली वाकून मूटभर माती उचलली. मुटीत दाबून गोळा केला. आन हातातनं खाली सोडला. गोळा काय फुटला न्हाई, तसाच पडला. तिनं बाकडं बघून मान हालवली. न्हाई म्हनून. आन दोन बोटं दावली. दोन दीस थांबा म्हनून."

मी ताडकन म्हणालो, "आबा, ती वाफसा बघत होती!"

"तर वं! बा हसाय लागला. म्हनला, ही बाई कुणब्याची हाय. हिला शिकवाय नगं. मग तिनं हातानं असं लांबलचक दावलं, माजं बी रान व्हतं, येवडं येवडं. आन बांधावरच बसली. लई रडली. आज्जीनं तिला पानी दिलं. भाकरी दिली. तवापास्नं बा तिच्याकडनं कदी दुदाचं पुरं पैसं घ्यायचा न्हाई."

कृषी पदवीच्या अभ्यासात वाफसा म्हणजे काय हे मी पुस्तकातून शिकलो. मातीच्या पोकळीत हवा आणि पाणी यांचे योग्य प्रमाण असणे, वगैरे. गेली तीस वर्षे शेतकरी मेळाव्यांत मुठीत माती दाबून तीच परीक्षा मी दाखवत आलो आहे. पण त्या मुठीला किती अर्थ असतो, हे मला त्या दिवशी कळले. भाषा नाही, देश नाही, सातबारा नाही. पण मातीची पारख कुणाला हिसकावून घेता आली नाही.

मी आबांना विचारले, त्या बाईच्या घरचा पुरुष कुठे होता?

"लढाईवर, आसंच म्हनायची. इटली, इटली म्हनायची. आमचा एक चुलता बी तवा मराठा पल्टनीत व्हता. त्यो बी इटलीतच. त्येची बी पत्रं यायची. पोस्टमन आला की आज्जी दारात यायची. पर त्या बाईचं मानूस कुटं आन आमचा चुलता कुटं, कोन इचारतोय."

इथे मात्र माझ्या वाचनाचा उपयोग झाला. मी त्यांना सांगितले. आबा, ती माणसे फार लांब नव्हती. पोलिश सैन्य आणि आपल्या हिंदी पलटणी इटलीत ब्रिटिशांच्या एकाच आठव्या सैन्याखाली लढत होत्या. १८ मे १९४४ ला मोंते कासिनोच्या डोंगरावरच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश शिपायांनी आपले निशाण लावले. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात आपल्या मराठा पलटणीचे नायक यशवंत घाडगे लढता लढता पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडण्याची मोठी लढाई झाली. त्या लढाईत नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना पाठीवर घेऊन आणले आणि शत्रूची मशीनगन ठाणी बंद पाडली. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आणि आबा, त्याच दिवशी, त्याच नदीवर, जवळच्याच आघाडीवर पोलिश पलटणीही चाल करून गेल्या होत्या.

आबा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तिचं मानूस आन आमचा चुलता एकाच फळीत?"

"असेलही आबा. निदान एकाच नदीवर तरी."

"आज्जीला कळाया पायजे व्हतं," ते म्हणाले. "तिनं त्या बाईला आनकी येक भाकरी जास्त दिली आसती."

त्यांचा चुलता सुखरूप परत आला. त्या बाईचा माणूस परतला की नाही, हे आबांना ठाऊक नाही.

युद्ध १९४५ मध्ये संपले. आपले लोक आपापल्या गावी आले. वळीवड्याच्या पाहुण्यांचे मात्र तसे झाले नाही. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांची बैठक झाली आणि पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत रशियाकडे राहणार हे ठरले. म्हणजे ज्या गावांतून या लोकांना उचलले होते, ती गावेच आता त्यांच्या देशात उरली नाहीत. आज तो मुलूख बेलारूस, युक्रेन आणि लिथुआनिया या देशांत आहे. ज्यांच्यासाठी त्यांच्या घरच्यांनी इटलीत रक्त सांडले, ते जिंकूनही हरले. प्रार्थनामंदिरात पाच वर्षे ज्या गावाचे नाव घेतले, तिथे जायचा रस्ताच बंद झाला.

१९४८ साली छावणी उठली. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला, कुणी अमेरिका-कॅनडाला गेले. काही पोलंडलाही परतले. एक पोलिश मुलगी कोल्हापुरातल्याच तरुणाशी लग्न करून इथलीच झाली. काहीजण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमचे राहिले. आणि त्याच बराकींत मग सिंधी निर्वासित आले. फाळणीत त्यांचीही घरेदारे गेली होती. त्या वस्तीचे नाव गांधीनगर पडले. आज तिथे कापडाची केवढी मोठी बाजारपेठ आहे! लग्नाचा बस्ता बांधायला आपण तिथे जातो तेव्हा आपल्या पायाखाली घर हरवलेल्या दोन लोकांच्या आठवणी असतात, हे कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही येत नव्हते.

पण त्या मुलांनी आठवण सोडली नाही. इथे वाढलेली ही मुले इंग्लंडात एकमेकांना शोधत राहिली. त्यांनी हिंदुस्थानातल्या पोलिश लोकांची संघटना बांधली. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्तंभ उभारला. ज्याला जे आठवत होते ते लिहायला लावले, कागदपत्रे आणि फोटो गोळा केले आणि २००० साली लंडनमध्ये मोठा ग्रंथ काढला. पुढे तो इंग्रजीतही आला. २०१७ मध्ये वॉर्सा शहरात मोंते कासिनोच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचे आभार मानणारे स्मारक झाले. २०१९ मध्ये वळीवड्यात स्तंभ झाला, त्या दिवशीच मी ती आजीबाई पाहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या त्या कोल्हापूर स्मारकावर पुष्पचक्र वाहिले. बातमी ऐकून आबा म्हणाले, "बा नं सोडल्याल्या दुदाच्या पैशाचं येवडं मोटं व्याज आलं म्हनायचं!"

आता थोडे घरचे. मी सहा वर्षांचा असताना आमचे गाव धरणाखाली गेले. सह्याद्रीच्या कुशीतले भाताचे आणि नाचणीचे गाव. तिथून आम्ही पठारावर आलो. लहानपणी मला नव्या गावातली शाळा, विहीर आणि क्रिकेट एवढेच दिसे. वडील कधी कधी ओसरीवर बसून "आपली वरची खाचरं" असे काही म्हणत. मी कधी विचारले नाही, वरची म्हणजे कुठली? पुढे शिकलो, नोकरीला लागलो. वडील गेले आणि त्यांच्याबरोबर अर्धे गाव गेले.

पोलिश माणसांच्या खेड्यांची नावे मी वहीत उतरवत होतो. घरात बसलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला मात्र तिच्या गावाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता. हे माझ्या ध्यानात आणून दिले ते सौ.ने. एके रात्री मी तिला आबांची गोष्ट सांगत होतो. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "परक्यांच्या गावाचं एवढं लिहिताय, मग आत्यांना कधी विचारणार?"

दुसऱ्या दिवशी आईजवळ बसलो. आईला हल्ली कालचे आठवत नाही. सकाळी जेवली की नाही, हेही ती दोनदा विचारते. मी माती परीक्षणाचा एक जुना कागद पाठकोरा घेतला, मध्ये एक रेघ ओढली आणि म्हणालो, "आई, ही आपली नदी. आता आपलं घर कुठं?"

तिने पेन्सिल हातात घेतली नाही. बोट ठेवले. "हितं पार. पाराला लागून देऊळ. देवळाच्या मागनं वाट, ती आपल्या घराला. न्हाई न्हाई, आदी तुज्या मोट्या चुलत्याचं घर." मग एकामागून एक खाचरे आली. ओढ्याकडचे, आंब्याखालचे, दगडाचे. कुठल्या खाचरात कोणते भात यायचे, कुठल्या बांधाला करवंदीची जाळी होती, नव्याच्या वेळी पहिली लोंबी कुठून तोडायची. मी लिहीत राहिलो. तास गेला. कालचे न आठवणाऱ्या बाईला पन्नास वर्षांमागचे बांध न् बांध ठाऊक होते.

शेवटी मी विचारले, "आई, निघताना काय काय घेतलंस?"

"देव घेतले," ती म्हणाली. "पदरात. आन बी घेतलं. मडक्यातलं. तुजा बा म्हनला, तितं हे भात येनार न्हाई. मी म्हनलं, न आलं तर न आलं. बी टाकून कुठं जात्यात का?"

ते भात पठारावर आले नाही. वडिलांचे खरे ठरले. पण आई सांगते, दोन वर्षे तिने ते परसात वाफ्यात लावून पाहिले होते. मला शेतीतली पदवी मिळाली तेव्हा तिने कधी हे सांगितले नाही, आणि मीही कधी विचारले नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरले की आमच्या जुन्या देवळाचा चौथरा उघडा पडतो. यंदा मे महिन्यात तो नकाशा घेऊन आईला काठापर्यंत नेले. तिने लांबून हात जोडले. डोळ्यांना पाणी आले ते मला ओळखीचे वाटले. पूर ओसरल्यावर वळीवड्याच्या रस्त्यावर उभी असलेली ती परदेशी आजीबाई मला आठवली. ती कशाला रडते, हे मला त्या दिवशी कळले नव्हते.

वाचकहो, आपण शेतकरी बियाण्याला जपतो. चांगले कणीस निवडून, राख लावून, उतरंडीत ठेवून. पुढच्या मिरगाला ते आपल्याला हवे असते. गावाची आठवण हेही बियाणेच आहे. ती म्हाताऱ्या माणसांच्या उतरंडीत आहे, आणि ती उतरंड दरवर्षी एक-एक मडक्याने रिकामी होते आहे. तुमच्या गावातून कोण लढाईवर गेले, कोण आले नाही, दुष्काळात कुणी कुणाला दाणे दिले, पुरात कुणाच्या माडीवर गाव राहिले, परमुलखाची माणसे कधी येऊन राहिली, हे लिहून ठेवा. मोठे पुस्तक नको. शंभर पानी वही घ्या, तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला आणि तो बोलतो तसेच उतरवा. शाळेतल्या मुलांना हे काम दिले तर ती हौसेने करतील. वहीची एक प्रत शाळेत ठेवा आणि एक घरी.

आणि सुरुवात आपल्या ओसरीवरूनच करा. मी ती उलटीकडून केली.

आबांची वही माझ्याजवळ पुरी झाली आहे. आईची अजून चालू आहे. काल तिने आणखी एका खाचराचे नाव सांगितले.